उतरवण्याआधी वर येण्याचा हिशेब सांगा : नाशिकच्या ट्रेक आणि सहल आयोजकांना खुले पत्र

नाशिकमधील सर्व ट्रेक आणि परदेश सहल आयोजकांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या पांडवलेणीच्या सकाळच्या ग्रुपवर एक जाहिरात आली. 'मे-जून विशेष. ग्रँड कॅन्यन : कड्यावरून थेट कोलोरॅडो नदीपर्यंत आणि परत, एकाच दिवसात. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना सहज शक्य.' खाली फोटो. झुलत्या पुलावर अकरा माणसं, सगळ्यांचे हात वर, मागे नदी. त्या फोटोत, अमेरिकेतल्या त्या दरीच्या तळाशी, उजवीकडून तिसरी मी आहे. माझ्या शेजारी निळ्या शर्टात जे गृहस्थ हसत उभे आहेत, ते हा फोटो काढल्यावर साडेतीन तासांनी एका दगडाला टेकून बसले होते आणि त्यांना स्वतःच्या मुलीचं नाव आठवत नव्हतं.

ही जाहिरात कोणाची, ते मी इथे लिहिणार नाही. ज्यांची आहे त्यांना ते ठाऊक आहे. शिवाय हाच कार्यक्रम मला शहरातल्या आणखी दोन पत्रकांत दिसला. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना लिहिते आहे, आणि तुमच्याकडे पैसे भरायच्या विचारात असलेल्यांनीही ते वाचावं म्हणून उघड लिहिते आहे.

मी बँकेतून निवृत्त झाले, वय ५९. बावीस वर्षं डोंगरात जाते. हरिहरच्या पायऱ्या, साल्हेर, अंजनेरी, कळसूबाई हे सगळं अनेकदा झालं आहे. परदेशातल्या ट्रेकला माझा विरोध नाही. त्या दरीत उतरले याचा पश्चात्तापही नाही, तसं दृश्य मी आयुष्यात दुसरं पाहिलेलं नाही. मला आक्षेप आहे तो आम्हाला जे सांगितलं गेलं नाही त्याला, आणि तेच न सांगता आता पुढच्या लोकांना नेलं जाणार आहे त्याला.

आपण नाशिककर नदीसाठी वर चढणारी माणसं. गोदावरीचा उगम बघायचा तर ब्रह्मगिरी चढायचा. आपल्या सगळ्या डोंगरभटकंतीचा क्रम तोच असतो. पहाटे पायथा सोडायचा, उन्हं चढायच्या आत माथा गाठायचा, डबा उघडायचा आणि थकलेल्या पायांनी उतरायचं. दम लागला, गुडघा बोलायला लागला, तर जिथे असू तिथून मागे फिरायचं. मागे फिरलं की उतारच असतो, म्हणजे अंग थकलं तरी वाट आपल्या बाजूची असते.

दरीत हे सगळं उलटं होतं. सकाळी ताज्या पायांनी, गार हवेत, उतार. दुपारी थकलेल्या पायांनी, भर उन्हात, चढ. आणि मागे फिरावं असं शरीर सांगतं तेव्हा माणूस आधीच खोल गेलेला असतो. ती दरी म्हणजे राष्ट्रीय उद्यान आहे, आणि तिथल्या उद्यानाचे लोक म्हणतात, उतरणं तुमच्या मर्जीवर, चढणं मात्र सक्तीचं. हे वाक्य आम्हाला नाशिकमधल्या एकाही बैठकीत ऐकवलं गेलं नाही.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, सांदण दरी आम्ही दरवर्षी करतो, आमच्या लोकांना उतरण्याची सवय आहे. बरोबर आहे. पण साम्रदहून सांदणमध्ये उतरलेले बहुतेक ग्रुप खाली डेहण्याला बाहेर पडतात आणि गाडीत बसून आसनगाव गाठतात. त्याच दिवशी करोळी घाटाने परत साम्रदला चढणारे मोजकेच. सांदण आपल्याला उतरायला शिकवते. उतरल्यावर पुन्हा तेवढंच चढायला शिकवत नाही.

आता आकडे सांगते, कारण तुमच्या पत्रकात ते नाहीत. आम्ही साउथ कैबाब वाटेने उतरलो. सुरुवात समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या १,६४६ मीटरच्या शिखरापेक्षा साडेपाचशे मीटर उंच. नदीकाठ साडेसातशे मीटरच्या आसपास. या ११ किलोमीटरच्या वाटेवर पाण्याचा एक थेंब नाही आणि सावली नावापुरती. परतीची ब्राइट एंजल वाट सुमारे १५ किलोमीटर, चढ १,३०० मीटरहून अधिक. त्यातला सगळ्यात कठीण भाग शेवटी, आणि तोही विरळ हवेत. इगतपुरीहून कसाऱ्याला उतरलं की हवा कशी बदलते ते आपण सगळे जाणतो. इथे उतार त्याच्या कितीतरी पट आहे. कड्यावर स्वेटर घालून उभा असलेला माणूस त्याच दिवशी दुपारी नदीकाठी सावलीतल्या ४२-४३ अंशांत असतो.

खाली तळाशी जो काळा खडक आहे, त्याचं नाव विष्णू शिस्ट. तिथल्या एका शिखराला विष्णूचं नाव दिलं आहे, त्यावरून ते पडलं. शेजारी ब्रह्मा आणि शिव नावाचीही शिखरं आहेत. निळ्या शर्टातले गृहस्थ (आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणतो) भूगोलाचे शिक्षक होते. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, आणि हा विष्णू शिस्ट सुमारे १७० कोटी वर्षांचा. त्याला हात लावून यायचं, एवढ्यासाठी भाऊ या सहलीला आले होते. त्यांनी हात लावलाही. मग मला म्हणाले, 'तवा आहे हो हा.' दोन्ही बाजूंना उभे काळे कडे, मधून वाट, आणि कडे दुपारभर तापलेले. तिथे वाऱ्याची झुळूक आली तरी चुलीपुढे बसल्यासारखी लागते.

त्या दिवशी आम्ही सकाळी ८:४० ला उतरायला लागलो. जून महिना होता. हॉटेलचा नाश्ता पैशांत धरलेला होता, तो सोडायचा नाही, म्हणून उशीर. उतार सुंदर. लाल, पिवळे, पांढरे थर एकावर एक, खेचरांचा तांडा शेजारून गेला, कोणी गाणी म्हणत होतं. साडेबाराला बोगद्यातून पुलावर आलो. हा काळा पूल १९२८ चा. त्याच्या लांबलचक लोखंडी तारा तिथल्या मूळ रहिवासी हवासुपाई जमातीच्या माणसांनी रांगेने खांद्यावर घेऊन याच दरीत उतरवल्या होत्या. तिथेच तो फोटो निघाला. तळाशी फँटम रँच नावाचं मुक्कामाचं ठिकाण आहे, तिथे सरबत घेतलं आणि दीड वाजता, दिवसातल्या सगळ्यात वाईट वेळी, आम्हाला चढायला लावलं. कारण पाच वाजता वर बस उभी राहणार होती आणि रात्रीचा मुक्काम लास वेगासला होता.

भाऊ आधी गप्प झाले. मग मळमळतं म्हणाले. मी त्यांच्याबरोबर मागे राहिले आणि आपल्याकडे जे करतात ते केलं, दर दहा मिनिटांनी बाटली पुढे केली. 'भाऊ, पाणी प्या. अजून दोन घोट.' त्यांच्या निळ्या शर्टावर पाठीभर पांढरे पट्टे उमटले होते. घाम येतोय असं जाणवतच नव्हतं, इतकी हवा कोरडी. तो अंगातून निघता निघता वाळत होता आणि मागे फक्त मीठ राहत होतं. ते मीठ माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला कळलं नाही. ते ओकले. मी पुन्हा पाणी दिलं. वळणावळणाच्या त्या चढावर, ज्याला तिथे डेव्हिल्स कॉर्कस्क्रू, म्हणजे सैतानाचं बूचकाढणं, म्हणतात, भाऊ बसले ते उठलेच नाहीत. मी विचारलं, मुलीला फोन लावायचा का वर गेल्यावर? त्यांनी विचारलं, कोणाला?

ग्रुपमधली दोन तरुण मुलं वर, वाटेतल्या हवासुपाई गार्डन्स या थांब्याला, धावत गेली. तिथे रेंजरची, म्हणजे उद्यानाच्या रक्षकांची, चौकी आहे. रेंजर ताई पोचली तोवर पावणेसहा झाले होते. तिचा पहिला प्रश्न होता, किती पाणी प्यायले? दुसरा, काय खाल्लं? पहिल्याचं उत्तर सहा लिटरच्या वर. दुसऱ्याचं, एक सफरचंद आणि थोडी बिस्किटं. तिने माझ्या हातातली बाटली काढून घेतली. घामाबरोबर मीठ गेलेलं आणि वरून नुसतं पाणी ओतलेलं, त्यामुळे रक्तातलं सोडियम घसरलं होतं. उष्माघात आणि हे, दोन्हींची लक्षणं सारखी दिसतात : मळमळ, डोकेदुखी, गुंगी, गोंधळ. उपाय मात्र वेगळे. आणि मी तीन तास त्यांना मायेने चुकीचा उपाय देत होते. आमच्या सॅकमध्ये चिवडा होता, शेंगदाणे होते, लिंबाचं लोणचं होतं. ते रात्री वर जाऊन खायला ठेवलं होतं.

हेलिकॉप्टर दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आलं. वहिनी वर कड्यावर थांबल्या होत्या, त्यांचे गुडघे दुखतात म्हणून उतरल्या नव्हत्या. त्यांना संध्याकाळी पाच ते रात्री दहा फक्त एवढंच सांगितलं गेलं की खाली रेंज नसते. बस लास वेगासला गेली. फ्लॅगस्टाफच्या रुग्णालयात भाऊंजवळ वहिनी आणि मी, दोघीच होतो.

भाऊ आज बरे आहेत. हे पत्र छापण्याआधी त्यांना वाचून दाखवलं आहे, आणि त्यांची संमती आहे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी : जे उद्यान स्वतः सांगतं ते तुम्ही आमच्यापासून लपवलंत. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येऊ नका, विशेषतः मे ते सप्टेंबर, आणि सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात चढू नका, ही तिथली जाहीर सूचना आहे. वाटेच्या तोंडाशी फलक आहेत. आम्ही ते वाचत उभे राहिलो तेव्हा आमचा लीडर म्हणाला, 'हे बोर्ड साध्या पर्यटकांसाठी. तुम्ही सह्याद्रीवाले.' आम्हाला ते ऐकून बरं वाटलं, आणि म्हणूनच मी त्याला तक्रार म्हणते. २००४ मध्ये त्याच दरीत उन्हाने आणि पाण्याच्या तुटवड्याने एक २४ वर्षांची मुलगी गेली. ती बोस्टन मॅरेथॉन तीन तासांच्या आसपास पळणारी होती. आमच्या पायांत तिच्यापेक्षा जास्त बळ होतं असं तो लीडर कशावरून म्हणाला?

दुसरी : तुमच्यातला कोणीही मे महिन्यात दुपारी दीड वाजता आम्हाला साल्हेर चढवणार नाही. इथे तुम्ही रात्रीचे ट्रेक काढता, पहाटे तीनला उठवता, ऊन लागलं तर लिंबू-मीठ-साखर देता. मग विमानात बसल्यावर ही अक्कल कुठे राहते? तिथे वेळ ठरवते ती बस, आणि बसची वेळ ठरवतं पुढच्या हॉटेलचं बुकिंग.

तिसरी तक्रार आरोग्याच्या फॉर्मची. त्यावर रक्तगट आणि जवळच्या नातेवाइकाचा नंबर होता, बाकी काही नाही. भाऊ रक्तदाबाची गोळी घेतात. या गोळ्यांमधल्या काही लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर टाकणाऱ्या असतात, आणि अशा उन्हात त्याने फार फरक पडतो. साठीच्या पुढच्या माणसाला हा प्रश्न विचारायला दोन ओळी पुरल्या असत्या.

चौथी : नदीचं आमिष. 'कोलोरॅडोत डुबकी' असं पत्रकात छापलं आहे. ते पाणी वरच्या ग्लेन कॅन्यन धरणाच्या खोलीतून सुटतं. बाहेर अंगाची लाही आणि पाणी बर्फासारखं, प्रवाहाला प्रचंड ओढ. माणसं तिथे बुडाली आहेत. रामकुंडात साखळी धरून उतरणाऱ्या आपल्या माणसांना डुबकी हा शब्द ऐकून काय वाटतं हे तुम्हाला चांगलं माहीत आहे, म्हणूनच तो छापलात.

आणि तो फोटो. त्याबद्दल वर लिहिलंच आहे.

मागण्या साध्या आहेत.

मे ते सप्टेंबर या काळात एका दिवसात नदी गाठून परतण्याचा कार्यक्रम विकणं बंद करा. ज्यांनी यंदा पैसे घेतले आहेत त्यांनी त्या दिवसाचा कार्यक्रम बदलावा, आणि बदल ज्याला नको त्याला त्या भागाचे पैसे परत द्यावेत.

नदीपर्यंत न्यायचंच असेल तर खाली मुक्काम करा. त्यासाठी उद्यानाची परवानगी लागते, फँटम रँचच्या खोल्या कित्येक महिने आधी सोडतीने मिळतात, आणि पैसे घेऊन लोकांना दरीत घेऊन जायलाही उद्यानाची वेगळी परवानगी काढावी लागते. वेळ लागतो, खर्च वाढतो, सगळं खरं. पण पहाटे अंधारात उतरून दुपार ओढ्याकाठी सावलीत काढायची आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चढायचं, या क्रमाने भाऊही वर आले असते, असं मला त्या रेंजर ताईंनी सांगितलं. हवा पाहिली तर ऑक्टोबर किंवा एप्रिल बरा. हिवाळ्यात वरच्या टप्प्यावर वाट गोठलेली असते, तेही लोकांना आधी सांगा.

ज्यांना एवढं करायचं नाही त्यांना सूर्योदयाला साउथ कैबाबवर सीडर रिजपर्यंत न्या. एका बाजूने अडीच किलोमीटरही नाही. दरी तिथून अंगावर येते. नदी दिसली नाही म्हणून कोणी पैसे परत मागणार नाही, आणि मागितलेच तर तो माणूस पुढे कुठल्याच ट्रेकला नेण्याजोगा नाही.

छापील माहिती मराठीत द्या. अंतर, उतार, चढ, वरचं आणि खालचं तापमान, पाणी कुठे आहे आणि कुठे नाही. तिथली नळवाहिनी जुनी आहे, मधेच फुटते आणि वाटेवरचे नळ कोरडे पडतात. त्यामुळे निघायच्या दिवशी सकाळी चौकशी केल्याशिवाय एक पाऊलही उतरू नका. उतरायला जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट चढायला लागतो, एक भाग पाणी उतरताना तर दोन भाग चढताना, आणि पाण्याबरोबर खारट खाणं : या तीन गोष्टी प्रत्येकाकडून नाशिकमध्येच पाठ करून घ्या. शर्ट आणि टोपी भिजवून घालायला शिकवा. फार सोपं आहे आणि फार उपयोगी आहे, पण आपल्याकडे ओले कपडे अंगावर ठेवले की आजारी पडतो म्हणून कोणी करत नाही.

तयारीचा ट्रेक बदला. पांडवलेणीच्या पायऱ्या दहा वेळा चढून दरीची तयारी होत नाही. फेब्रुवारीत लोकांना सांदणमध्ये उतरवा आणि त्याच दिवशी करोळी घाटाने परत साम्रदला चढवा. खाली डेहण्याला गाडी ठेवू नका. ज्याला ते जमेल त्यालाच अमेरिकेत खाली न्या. ज्याला जमणार नाही त्याला ते आपल्याच मातीत, आपल्या माणसांत कळेल.

लीडरला थांबवण्याचा अधिकार द्या, लेखी. बस चुकली, हॉटेल बुडालं, तर त्याच्या पगारातून कापणार नाही असं त्याला आधी सांगा. आमचा लीडर वाईट मुलगा नव्हता. २६ वर्षांचा होता, आणि दुपारभर सारखा घड्याळाकडे बघत होता.

यातल्या कुठल्याही बैठकीला मला बोलवा. कॉलेज रोडवर असो की नाशिकरोडला, मी येईन, मानधन नको. अर्धा तास बोलेन, रिकामी बाटली आणि लोणच्याची बरणी घेऊन येईन. भाऊ म्हणालेत की तब्येत बरी असेल तर तेही येतील.

आणि तो फोटो आजच काढून टाका. भाऊंनी परवा तो माझ्या मोबाइलवर पाहिला, बराच वेळ बोटांनी मोठा करून बघत राहिले. पूल आठवतो म्हणाले, खडकाला हात लावलेला आठवतो. त्यानंतरचं काही आठवत नाही. मग त्यांनी विचारलं, 'मी हसतोय का त्यात?'

आपली,
पांडवलेणीच्या सकाळच्या ग्रुपमधली एक ट्रेकर
नाशिक